रांगेत न दिसणाऱ्या बायका: मुंबईत निर्वासित आणि निराधार महिलांना मदत करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कुर्ला ते मानखुर्द या पट्ट्यात काम करणाऱ्या बायकांचा छोटा गट आहोत. पावसाळा तोंडावर आला, कुठे आग लागली, कुठे बुलडोझर फिरला की फोन वाजायला लागतात. कुणाला कपडे द्यायचे असतात, कुणाला ‘कायद्यात बसतं ना?’ हे विचारायचं असतं, तर कुणाला आमच्याशी भांडायचं असतं. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे देतो आहोत.

मुंबईत निर्वासित बायका आहेत कुठे? छावणी तर कुठे दिसत नाही.

छावणीच नाही, म्हणून दिसत नाहीत. भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत, कुणाच्या पोटमाळ्यावर, ओळखीच्या घरी त्या राहतात. मुंबईत माणूस गर्दीत सहज लपतो आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना तेच हवं असतं.

या शहराला निर्वासित नवे नाहीत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. चेंबूर कॅम्प, मुलुंडची कॉलनी, सायन कोळीवाड्याची पंजाबी वस्ती ही सगळी त्याच काळातली. आजही चेंबूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘कॅम्प’ म्हटलं की पुरतं.

आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये सीमा ओलांडून आलेल्या थोड्या असतात. बहुतेकींचं घर याच शहरात गेलेलं असतं. झोपडी जळाली, पाडली गेली, दरडीखाली गेली, नाहीतर नवऱ्याने रात्री घराबाहेर काढलं. कायद्याच्या लेखी या सगळ्या वेगवेगळ्या खात्यांच्या. पहिल्या रात्री मात्र सगळ्यांना लागतं तेच: कडी लागणारं दार, पाणी, पॅड, मुलाला दूध.

भारतात निर्वासितांसाठी कायदा आहे का?

वेगळा कायदा नाही. १९५१चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार आणि १९६७चा पूरक करार, दोन्हींवर भारताची सही नाही. परदेशातून आलेल्या कुणालाही १ सप्टेंबर २०२५पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आहे. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार वगैरे देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, यूएनएचसीआर, करते आणि कार्ड देते. त्या कार्डाचा आधार असतो, पण त्यावर ‘आधार’ निघत नाही, आणि मग सिमकार्डापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत प्रत्येक खिडकीवर अडतं. २०१९चा नागरिकत्व सुधारणा कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांपुरता आहे.

तरी हातात काहीच नाही असं नाही. घटनेची १४ (समानता) आणि २१ (जगण्याचा हक्क) ही कलमं परदेशी माणसालाही लागू होतात. बांगलादेशातून आलेल्या एका बाईवर हावडा स्थानकाच्या रेल्वे यात्री निवासात सामूहिक बलात्कार झाला होता. ती भारतीय नाही, असा मुद्दा रेल्वेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाने २००० साली तो फेटाळला आणि भरपाई कायम ठेवली. एखाद्या टेबलावर ‘ही आपली नाही’ असं ऐकवलं जातं तेव्हा आमच्या वकीलताई याच निकालाची प्रत पुढे सरकवतात.

शिधा सगळ्यांना सारखा वाटला की झालं ना? बायकांसाठी वेगळं काय करायचं?

सारखा वाटला म्हणजे सारखा पोचला असं होत नाही. वाटप सकाळी अकराला ठेवलं तर घरकामाला गेलेली बाई येऊच शकत नाही, त्या वेळी ती पवईत कुणाची तरी भांडी घासत असते. पंचवीस किलोचं पोतं दिलं तर ते उचलायला पुरुष लागतो, आणि उचलणारा त्यातलं थोडं ठेवून घेतो. टोकन ‘कुटुंबप्रमुखा’च्या नावाने काढलं तर टाकलेली बाई, दुसरेपणाची बायको, आईबापांकडे परत आलेली मुलगी यादीतच नसते. जिला नवऱ्याने घराबाहेर काढलंय, तिचं टोकन त्याच नवऱ्याकडे जातं. पुरात आणि आगीत आम्ही हेच बघत आलो आहोत.

म्हणून आमचा पहिला नियम यादीचा. यादी घरांची करायची नाही, माणसांची करायची, आणि प्रत्येक प्रौढ बाईचं नाव स्वतंत्र ओळीत लिहायचं. वाटप दोन वेळा ठेवायचं, एक दुपारी आणि एक संध्याकाळी सात वाजता. पोती पाच-पाच किलोची करायची. गरोदर आणि वयस्कर बायकांना रांगेत उभं करायचं नाही, त्यांना घरपोच द्यायचं. यातल्या कशालाही जास्तीचे पैसे लागत नाहीत. लागतं ते आदल्या संध्याकाळी वस्तीत जाऊन बसणं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

संडास ही दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. जगभर मदतकार्यात वापरले जाणारे ‘स्फिअर’चे किमान निकष असे आहेत: दर २० माणसांमागे एक शौचालय, पुरुषांच्या एकामागे बायकांची तीन, आणि तेही राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर. शाळेत किंवा समाजमंदिरात लोकांना हलवलं की हा हिशोब पहिल्या तासातच कोलमडतो. ते समजू शकतं. पण आतून कडी आणि वर बल्ब? कडी हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. ती नसली की बायका संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात, आणि चौथ्या दिवशी लघवीच्या जळजळीने दवाखान्यात रांग लागते. ज्या शहरात २०११पासून बायकांना सार्वजनिक मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवावी लागली, तिथे आपत्तीच्या वेळी हे आपोआप होईल अशी आशा धरू नये.

किटमध्ये काय घालावं?

पॅड, आणि सोबत निकर. पॅड सगळे देतात, निकर कुणी देत नाही. वाहत्या पाण्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बाईने पॅड चिकटवायचं कशावर? ज्यांना कापड वापरायची सवय आहे त्यांच्यासाठी सुती कापड, धुवायचा साबण आणि वाळत घालायला आडोसा. वापरलेलं पॅड टाकायला कागदी पिशव्या. याशिवाय झाकणाची बादली, मग, टॉर्च, कंगवा, गाऊन, मोठी ओढणी. ओढणीचा उपयोग आम्हाला बायकांनीच शिकवला: पांघरायला, बाळाला पाजताना आडोशाला, झोळी बांधायला.

जुन्या साड्यांची गाठोडी कृपा करून पाठवू नका. २६ जुलै २००५च्या पुरानंतर (त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता) शहराने मनापासून कपडे दिले. पण पार्टीवेअर आणि फाटकी ब्लाउजं निवडायला दोन माणसं दिवसभर अडकून पडतात. पैसे पाठवा, आम्ही घाऊक बाजारातून नवे कपडे मापाने आणतो.

पिशवीत एक छोटी चिठ्ठीही ठेवतो. त्यावर फोन नंबर असतात, पण ‘अत्याचार’, ‘मारहाण’ असे शब्द नसतात. ‘आरोग्य आणि रेशन चौकशी’ एवढंच लिहायचं. पिशवी घरी गेल्यावर कोण उघडणार, हे आपल्याला ठाऊक नसतं.

त्यापेक्षा रोख पैसे का देत नाही?

जमेल तिथे देतोच. आपल्याला काय हवं ते बाईला चांगलं कळतं. अडचण एवढीच की खातं तिचं असलं तरी त्याला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा असतो, आणि गुगल पे मुलाच्या फोनवर. म्हणून आधी एकांतात विचारायचं: पैसे आलेले कुणाला कळतील, कळल्यावर घरात काय होईल? उत्तर देताना ती घुटमळली तर किराणा दुकानात तिच्या नावाने उधारीचं खातं उघडून देतो. निर्वासित बाईकडे बहुतेक वेळा बँक खातंच नसतं.

कागदपत्रं नसतील तर सरकारी दवाखान्यात घेतात का?

तातडीच्या वेळी कुठल्याही डॉक्टरला उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितेला सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचे आहेत. ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. साध्या तपासणीसाठी महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर निघतो. खिडकीवरचा माणूस आधार मागतो, तेव्हा सोबत मराठीत बोलणारं कुणी असलं की गोष्ट पुढे सरकते. हे असं असायला नको, पण आहे.

एक गोष्ट बाईपासून लपवू नका. परदेशी नागरिकांसाठीच्या २०२५च्या नव्या कायद्याने दाखल झालेल्या परदेशी रुग्णाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली आहे. तिला हे आधी सांगायचं, आणि जायचं की नाही ते तिने ठरवायचं. रक्तस्राव, झटके, बाळंतकळा असतील तर मात्र आम्ही चर्चा करत बसत नाही, १०८ला फोन करतो.

गर्भपाताबद्दल फार विचारलं जात नाही, पण माहीत असलेलं बरं. २०२१च्या दुरुस्तीनंतर काही गटांतल्या बायकांना २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे. त्यांत बलात्कार पीडिता, अल्पवयीन मुली, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या बायका आहेत, आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीच्या किंवा संकटाच्या परिस्थितीत सापडलेल्या बायकाही. २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं.

लैंगिक अत्याचार झाल्याचं तिने सांगितलं तर पहिल्यांदा काय करायचं?

ऐकायचं. तपशील खणायचे नाहीत. मग घड्याळ बघायचं: एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी १२० तासांपर्यंत चालते. आंघोळ केली, कपडे धुतले म्हणून तपासणी होत नाही असं नाही, पण तेच कपडे असतील तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको.

उपचारासाठी पोलीस तक्रार आधी लागत नाही. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, पण तक्रार द्यायची नाही असं प्रौढ बाई सांगू शकते आणि तसं लिहून घेतलं जातं. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) कुणी करायला निघालं तर थांबवा. ती करणं हा गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. तक्रार द्यायचीच असेल तर हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर होतो आणि जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो.

भाषा येत नसेल तर दुभाषी लागतो, आणि इथे फार जपावं लागतं. नवरा, दीर, शेजारची भाभी, स्वतःची मुलगी, यांतलं कुणीही नको. त्याच समाजाचा पण दुसऱ्या उपनगरातला, शक्यतो बाईच, आणि ऐकलेलं बाहेर न बोलणारा. असा माणूस शोधायला कधी अर्धा दिवस जातो. औषधं तोवर सुरू करता येतात, जबाब थांबू शकतो.

घरातली मारहाण असेल तर कुठे जायचं?

वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. आता महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते आहे. रुग्णालयात असण्याचा फायदा असा की बाई ‘डोकं दुखतंय’ म्हणून घरातून निघू शकते. पोलिसांत महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईतच सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. फोनवर १८१ महिला हेल्पलाइन, १०३ मुंबई पोलिसांची महिलांसाठीची, १०९८ मुलांसाठी, ११२ तातडीसाठी, आणि वकील हवा असेल तर १५१००. मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही.

२००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नागरिकत्व विचारत नाही. तरी निर्वासित बाई सहसा तक्रार करत नाही. कारण संपूर्ण कुटुंबाची नोंदणी नवऱ्याच्या फायलीत आहे आणि त्याला उचललं तर आपलं काय, ही भीती असते. यूएनएचसीआरकडे बाईला स्वतंत्र मुलाखत मागता येते, हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

रात्री राहायची सोय?

सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी ‘सखी’ केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढे शक्ती सदन किंवा सरकारी महिला वसतिगृह. लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांचं एक निवारागृह असावं असे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत. मुंबईची लोकसंख्या बघून गुणाकार तुम्हीच करा. बाईबरोबर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असेल तर बहुतेक ठिकाणी त्याला घेत नाहीत, आणि मुलाला सोडून ती येत नाही. मग ती परत त्याच घरी जाते.

खोली भाड्याने घेऊन द्यायची तर डिपॉझिट, दलाल आणि ‘एकटी बाई नको’ हे ओघाने आलंच. परदेशी नागरिकाला जागा देणाऱ्याने तशी माहिती नोंदणी कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. घरमालकापासून हे लपवू नका, नंतर तोही अडकतो आणि तीही.

बायकांना विचारून ठरवता म्हणजे नेमकं काय करता?

पुरुष नसतील अशी वेळ आणि जागा निवडतो. नळावर, अंगणवाडीत, दुपारी तीन वाजता. सरपंच किंवा दादा सोबत असला की बायका ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर घरबांधणीच्या कामात गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. भूकंपाला टिकणारं घर कसं बांधायचं ते त्यांनी शिकून घेतलं आणि गावाला समजावलं. मदत घेणारी बाईच यंत्रणेचा भाग झाली, असं उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

न विचारता केलेल्या मदतीचंही आहे. फाळणीत पळवलेल्या बायकांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. त्यात परत जायचं की नाही हे सांगायचा हक्क बाईला नव्हता. काही जणींचा नवीन संसार, कडेवरची मुलं सोडवून त्यांना सीमेपलीकडे पाठवलं गेलं. हेतू वाचवण्याचाच होता.

आपल्या बायका उपाशी असताना बाहेरच्यांना कशाला?

हा प्रश्न रागाने येतो, पण विचारणारी बऱ्याचदा स्वतःच अडचणीत असते, म्हणून तो टाळत नाही. वाटप करताना आम्ही गल्लीतल्या सगळ्या गरजू बायकांना धरतो. निर्वासित कुटुंबालाच तेवढं दिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच कुटुंबावर डूख धरला जातो. विधवा, परित्यक्ता असतील तर संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देणं हे आमचं वर्षभराचं काम आहे, आणि ती योजना इथल्याच बायकांसाठी आहे.

बाकी, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. बंगालमध्ये दुष्काळ होता, देशात इंग्रजांचं राज्य होतं, युद्ध चालू होतं. तरी जागा निघाली.

शिलाई मशीन देणगी म्हणून द्यायचं आहे. घ्याल?

शक्यतो नाही. मुंबईतल्या प्रत्येक संस्थेच्या कोपऱ्यात एक शिलाई मशीन धूळ खात पडलेलं आहे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा त्यांना नवा धंदा शिकवला नाही. त्या करतच होत्या त्या कामाला बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराचा फास सैल केला. आम्हीही आधी विचारतो, तुला काय येतं? निर्वासित बायकांना रीतसर नोकरीची वाट बहुतेक बंद असते, त्यामुळे घरून करता येईल अशा कामाला गिऱ्हाईक शोधून दिलं तर जास्त उपयोग होतो.

फोटो पाठवाल का? ग्रुपवर टाकायचे होते.

नाही. पावती पाठवू.

मदतीच्या बदल्यात कुणी काही मागितलं तर?

मदत फुकट असते. टोकनासाठी पैसे, फोन नंबर, ‘संध्याकाळी येऊन भेट’, यातलं काहीही मागणं हा गुन्हा समजा. मागणारा कार्यकर्ता असो, नगरसेवकाचा माणूस असो की आमच्यातला. पश्चिम आफ्रिकेच्या छावण्यांत मदत वाटणाऱ्यांनीच मुलींचं शोषण केल्याचं २००२ मध्ये उघड झालं, तेव्हापासून जगभरच्या संस्थांना यावर नियम करावे लागले. आमच्याकडे तक्रार घेणारी ताई वाटपाच्या कामात नसते, मुद्दाम.

मला काय करता येईल?

दारी (अफगाणिस्तानातली भाषा), बर्मी, रोहिंग्या किंवा बांगला येत असेल तर आधी तुम्हीच फोन करा. भाषा येत नसेल पण वेळ असेल तर बाईसोबत ओपीडीत बसायला माणसं कायम कमी पडतात. सकाळी आठ ते दुपारी एक, सायन किंवा राजावाडी. पैसे द्यायचे असतील तर चेक किंवा ऑनलाइन द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सूट मिळत नाही.

परदेशातून पैसे येणार असतील तर आधी विचारा. परदेशी निधी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नाही. दुबईतला तुमचा भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर चालतं. न्यू जर्सीच्या मावशीने अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल तर चालत नाही. तिला म्हणावं, पुढच्या वेळी इकडे आलीस की ओपीडीत बसायला ये.